ताफ्याचा पायलट आणि बंदराचा पायलट

ठाण्यात वागळे इस्टेटच्या मागे किसननगरच्या एका चाळीत माझ्या दोन विद्यार्थिनी प्रश्नावली घेऊन बसल्या होत्या. तिसराच प्रश्न होता : 'तुमच्या कुटुंबात किती व्यक्ती आहेत?' समोरच्या पंच्याहत्तरी ओलांडलेल्या आजोबांनी चष्मा पुसला आणि सांगितलं, "कुटुंब गावाला गेलंय. दिवाळीनंतर येईल." पोरींनी चौकटीत आधी ० लिहिला, मग तो खोडून १ केला आणि एकमेकींकडे पाहिलं. आजोबांच्या पिढीत 'कुटुंब' म्हणजे बायको. विशीतल्या मुलींना हे ठाऊक नव्हतं. मला ठाऊक होतं, पण प्रश्नावली तपासताना आठवलं नाही. ती प्रश्नावली आम्ही तीन जणांनी तपासली होती आणि त्यातले दोघे पीएच.डी. होते.

सुदैवाने ही पूर्वचाचणी होती, म्हणजे मुख्य अभ्यासाआधीची छोटी रंगीत तालीम. संशोधनात तिला 'पायलट' म्हणतात. पुढच्या आठवड्यात प्रश्न बदलला : 'या घरात एका स्वयंपाकात किती जण जेवतात?' जनगणनेतही 'कुटुंब' असंच ठरवतात, एका स्वयंपाकघरात जेवणारी माणसं. आम्ही तो धडा पुस्तकात वाचलेला होता. कळला मात्र आजोबांकडून.

मी नौपाड्यात राहते आणि नवी मुंबईतल्या एका महाविद्यालयात संशोधनपद्धती शिकवते. दर वर्षी पावसाळ्यात सिनॉप्सिसचा, म्हणजे प्रबंधांच्या आराखड्यांचा, गठ्ठा येतो. ट्रान्सहार्बर लोकलच्या प्रवासात मी तो वाचते. जवळजवळ प्रत्येक सिनॉप्सिसमध्ये 'पायलट स्टडी' अशा मथळ्याखाली एक वाक्य असतं : '३० जणांवर पायलट स्टडी करण्यात येईल.' तीसच का? मागच्या वर्षीच्या प्रबंधात तीस होते म्हणून. त्या तिसांकडून काय कळून घ्यायचं आहे? उत्तर नाही. आणि समजा काही वावगं दिसलं, तर काय करणार? या प्रश्नावर विद्यार्थी माझ्याकडे असे पाहतात, जणू साखरपुड्याच्या दिवशी मी विचारलंय की लग्न मोडलं तर हॉलचे पैसे परत मिळतील का.

माझं म्हणणं थोडं टोकाचं आहे. मुख्य अभ्यास थांबवण्याचा अधिकार ज्या पायलटला नाही, तो पायलट करूच नये. त्याचा वेळ आणि पैसा सरळ मुख्य कामात घालावा. निदान कागदावर एक खोटं कमी होईल.

'पायलट' या शब्दाशी आपली ओळख दोन ठिकाणची आहे. (विमानातला तिसरा, त्याला तूर्त वरच राहू द्या.) पहिली ओळख मंत्र्यांच्या ताफ्यापुढे सायरन वाजवत धावणाऱ्या पायलट गाडीची. ठाणेकरांना गेल्या काही वर्षांत तिची जरा जास्तच सवय झाली आहे. ती गाडी रस्ता मोकळा करते. मागची स्वारी कुठे जाणार ते आधीच ठरलेलं असतं. पायलट गाडी मध्येच थांबली आणि आतल्या हवालदाराने मागे जाऊन "साहेब, आज नको जाऊया" असं म्हटल्याचं कोणी ऐकलेलं नाही.

दुसरा पायलट न्हावा-शेवाचा. १९८९ मध्ये सुरू झालेल्या या बंदरात बाहेरून आलेलं कंटेनर जहाज आपल्या आपण धक्क्याला लागत नाही. एक छोटी लाँच त्याच्याजवळ जाते, बंदराचा पायलट दोराच्या शिडीने वर चढतो आणि मग जहाज आत शिरतं. कप्तानाने सगळे समुद्र पालथे घातलेले असतात. पण इथे गाळ कुठे साचतो आणि ओहोटीची ओढ कुठल्या बाजूला नेते, हे या माणसाला माहीत असतं. जहाजाचा तळ लागेल अशी शंका असली तर तो भरतीची वाट पाहायला सांगतो. जहाज कप्तानाचंच असतं, तरी कप्तान ऐकतो.

संशोधनात पायलट हवा तो हा, शिडीवरून चढणारा. आपण पुढे धाडतो ती सायरनवाली गाडी.

गाळ कुठे साचतो याचं एक उदाहरण नवी मुंबईतलंच देते. नवं शहर वसवणाऱ्या सिडको या सरकारी महामंडळासाठी ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतल्या ९५ गावांच्या जमिनी घेतल्या गेल्या. गावठाणं तिथेच राहिली, आजूबाजूला सेक्टर उभे राहिले. अशा एका गावठाणात घरांविषयी छोटी पाहणी करायचं आम्ही ठरवलं होतं. देशभरच्या पाहण्यांत असतो तोच साधा प्रश्न घेतला : घर स्वतःचं की भाड्याचं? पर्याय तीन : स्वतःचं, भाड्याचं, इतर. पहिल्याच दारात एका आगरी मावशींनी मला गप्प केलं. "घर आमचा, जागा सिडकोची. आता तूच सांग काय लिवायचा." शेजारचं घर गरजेपोटी वाढवलेलं, वरचे दोन मजले भाड्याने दिलेले, खाली मालक. त्यापलीकडे, घेतलेल्या जमिनीच्या बदल्यात मिळालेल्या साडेबारा टक्क्यांच्या भूखंडावर बिल्डरने बांधलेली इमारत, त्यात मूळ मालकाचे दोन फ्लॅट. समोरच्या सेक्टरमधल्या गृहस्थांनी ठणकावून 'स्वतःचं' सांगितलं. त्यांच्याही सोसायटीची जमीन भाडेपट्ट्याचीच आहे, पण ते त्यांच्या मनातही आलं नाही.

दिवस संपला तेव्हा 'इतर'चा रकाना गच्च भरला होता. त्या पाहणीला खरं तर हाच रकाना समजून घ्यायचा होता आणि आम्ही त्याला शिल्लक सामानाच्या खोलीसारखं शेवटी ठेवलं होतं. प्रश्नावली तशीच छापून हजार घरांत फिरवली असती तर अहवालात एक देखणा गोल आलेख आला असता, त्यात 'इतर'ची मोठी पाकळी, आणि एखाद्या अधिकाऱ्याने तो आलेख पडद्यावर दाखवून पुढची स्लाइड लावली असती. आम्ही थांबलो. प्रश्नाचे चार प्रश्न केले : बांधकाम कोणी केलं, जमीन कोणाच्या नावावर आहे, कागद कोणता आहे, भाडं कोण कोणाला देतं. पाहणी दोन महिने लांबली आणि तिचा आकारही लहान झाला, कारण चार प्रश्नांना वेळ चौपट लागतो.

दुसरं उदाहरण वाशीच्या बाजारपेठेतलं. माथाडी कामगारांच्या पाठदुखीवर काम करायला निघालेल्या एका विद्यार्थ्याने 'रोजची मजुरी किती?' आणि 'दिवसाला किती किलो वजन उचलता?' असे दोन प्रश्न लिहिले होते. इथे माथाडी टोळीत काम करतो, हिशेब गोणींचा असतो, टोळीचा मुकादम तो ठेवतो, आणि पैसे माथाडी मंडळामार्फत येतात. रोजची मजुरी हा आकडा त्या माणसाच्या डोक्यातच नसतो. तुम्ही विचारलात म्हणून तो आदराखातर एखादा सांगून टाकतो. खेरीज हा मुलगा सकाळी अकराला भाजीपाला मार्केटात पोचला. ज्यांची पाठ मोजायची, ते पहाटेचं काम उरकून पाठ टेकायला गेले होते. दोन दिवसांत त्याला हे कळलं. मुख्य अभ्यासाच्या तिसऱ्या महिन्यात कळलं असतं, तर बहुधा तेव्हा हाती असलेल्या लोकांवर, म्हणजे अकरा वाजता मार्केटात रेंगाळणाऱ्यांवर, त्याने प्रबंध लिहून टाकला असता. असे प्रबंध आहेत. आपल्या कपाटांतही असतील.

भाषांतरित प्रश्नावल्यांचा विषय काढला तर लेख तिथेच संपेल, म्हणून एवढंच : परदेशी मापनपट्टीतली उदासी शब्दकोश पुढ्यात ठेवून मराठीत आणली की 'खिन्नतेची भावना' तयार होते. लोकमान्यनगरातली बाई म्हणते, "कशात जीव लागत नाही." ही दोन वाक्यं एकाच गोष्टीबद्दल आहेत का, हे तिलाच विचारावं लागतं.

पायलट समजावताना आपल्याकडे हमखास एक म्हण पुढे येते : शितावरून भाताची परीक्षा. मी वर्गात ती वापरायची सोडून दिली. म्हण खरी आहे, पण एका पातेल्यापुरती. तिथे पाणी एक, आच एक, तांदूळ एकाच पोत्यातला. दिवा गावातली दहा बाय दहाची खोली आणि घोडबंदर रोडवरचा एकविसावा मजला एका पातेल्यात शिजत नाहीत. आणि पायलटमध्ये शीत दाबून बघायचंच नसतं. चूल पेटते का, पातेलं गळतं का, पंगतीला येणार म्हणालेले लोक खरोखर येतात का, एवढंच पाहायचं असतं. भात कसा झाला हे मुख्य अभ्यासाने सांगावं.

थोडं गणित करू या. ३० जणांना विचारलं आणि १० जण 'हो' म्हणाले. विद्यार्थी लिहितो, ३३ टक्के. ३० माणसांच्या जोरावर ९५ टक्के खात्रीने म्हणता येतं ते इतकंच, की खरं प्रमाण साधारण १७ ते ५० टक्क्यांच्या दरम्यान कुठेतरी असावं. सहातला एक की दोनातला एक, हेसुद्धा ठरत नाही. एखाद्या उपचाराचा त्रास ३० पैकी एकालाही झाला नाही, तरी शंभरात नऊ-दहा जणांना तो होत असेल ही शंका पुरती मिटत नाही. आता हेच ३० उलट बाजूने पाहा. दहातल्या एका माणसाला अडखळवणारा प्रश्न तुमच्या प्रश्नावलीत दडलेला असेल, तर ३० मुलाखतींत तो एकदा तरी उघडा पडण्याची शक्यता ९६ टक्के आहे. दहाच मुलाखती घेतल्या तर ६५ टक्के. प्रमाण मोजायला कुचकामी असलेली तीच तीस माणसं खड्डे शोधायला फार कामाची ठरतात. त्यांच्याकडून नेमकं जे काम होत नाही तेच आपण करून घेतो, आणि जे होतं ते लिहून ठेवत नाही.

याहून महागात पडणारी एक चूक आहे. पायलटमध्ये उपचाराचा गुण, म्हणजे परिणाम, मोठा दिसतो, तोच आकडा धरून मुख्य अभ्यासाला किती माणसं लागतील याचा हिशेब होतो. खरा गुण पायलटमध्ये दिसला त्याच्या निम्मा असेल, तर लागणारी माणसं दुप्पट नव्हे, चौपट असतात. हिशेब चुकलेला अभ्यास मग तीन वर्षं चालतो आणि शेवटी 'फरक आढळला नाही' म्हणून मोकळा होतो. उपचार वाईट होता की माणसं कमी पडली, हे कोणालाच सांगता येत नाही. क्लिनिकल ट्रायलचा अहवाल कसा लिहावा याचे कॉन्सॉर्ट नावाचे जगभर मानले जाणारे निकष आहेत. २०१६ मध्ये त्यांत पायलट अभ्यासांसाठी वेगळी पुरवणी आली. पुढे जायचं की नाही हे कोणत्या निकषावर ठरवणार होता ते सांगा, असं ती विचारते. आमच्या सिनॉप्सिसच्या फॉर्मवर हा प्रश्न नाही.

लहान अभ्यासात गोष्टी मोठ्या का दिसतात, याचं मला आवडणारं उत्तर एका मराठी माणसाच्या कामात सापडतं. पांडुरंग वासुदेव सुखात्मे, संख्याशास्त्रज्ञ, सातारा जिल्ह्यातल्या बुधचे. शेतातलं पीक मोजायला कापणीचा तुकडा केवढा घ्यावा, यावर १९४० च्या दशकात त्यांचा आणि दुसरे संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबिस यांचा मोठा वाद झाला. सुखात्म्यांनी दाखवलं की तुकडा फार लहान घेतला तर उत्पन्न फुगलेलं दिसतं. कारण अगदी शेतकी आहे. तुकड्याच्या कडेवर जी रोपं येतात, ती आत धरायची की बाहेर, हे मोजणाऱ्याच्या हातात असतं आणि हात नकळत त्यांना आत ओढतो. तुकडा जितका लहान, तितकी त्याच्या मानाने कड जास्त. आमच्या पायलटमध्येही कडेची रोपं अशीच आत येतात : मार्गदर्शकाच्या ओपीडीतले ऐकणारे रुग्ण, कार्यकर्तीच्या ओळखीच्या बायका, पहिल्या आठवड्यातला उत्साह. मुख्य अभ्यासात कड पातळ होते, उत्साहही, आणि पीक एकदम घटल्यासारखं वाटतं.

महालनोबिसांना मात्र यातून वजा करता येणार नाही, कारण पायलट पाहणी ही कल्पनाच आपल्याकडे त्यांनी रुजवली. बंगालमधल्या तागाचं क्षेत्र मोजायचं काम त्यांनी १९३७ मध्ये अगदी लहान प्रमाणावर सुरू केलं आणि दर वर्षी थोडं थोडं वाढवत १९४१ मध्ये संपूर्ण प्रांतापर्यंत नेलं. या वर्षांत त्यांनी ताग मोजला, आणि ताग मोजणाऱ्यांनाही मोजलं. माणसाचा किती वेळ शेतात जातो, किती चालण्यात, किती कागद लिहिण्यात, याच्या नोंदी ठेवल्या. एवढ्या पैशांत किती तुकडे घेतले तर चूक सर्वांत कमी राहील, हे गणित त्या नोंदींवरून मांडलं. त्यांच्या जन्मदिनी, २९ जूनला, आपण राष्ट्रीय सांख्यिकी दिन साजरा करतो. आमच्याकडे त्या दिवशी रांगोळी आणि प्रश्नमंजूषा असते. विद्यार्थ्यांना रिक्षाचं भाडं आणि मुलाखतीला लागलेली मिनिटं टिपायला सांगितली, तर ते मला चिकट समजतात.

पायलट काय शोधून काढेल हे आधी सांगता येत नाही, म्हणून तर तो करायचा. मतदान यंत्रांची गोष्ट पाहा. १९८२ च्या मे महिन्यात केरळमधल्या परूर विधानसभा मतदारसंघात ५० केंद्रांवर यंत्रं पहिल्यांदा वापरली गेली. सगळ्यांचं लक्ष यंत्र बिघडतं का, लोकांना बटण कळतं का, याकडे होतं. प्रकरण गेलं न्यायालयात. १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की कायद्यात अशा मतदानाची तरतूदच नाही. त्या केंद्रांवर फेरमतदान झालं, १९८८ मध्ये कायदा दुरुस्त झाला, आणि देशभर सगळीकडे यंत्रं आली ती २००४ च्या लोकसभा निवडणुकीत. यंत्राबद्दल कोणाचं काही मत असो. खोट निघाली ती यंत्रात नव्हे, कायद्यात, आणि ती ५० केंद्रांवर निघाली. हाच निकाल देशभरच्या मतदानानंतर आला असता तर काय झालं असतं, याचा नुसता विचार करून पाहावा.

उलट टोकाचं उदाहरण ब्रिटनमधलं. ८०,००० बाळांचा जन्माआधीपासून मागोवा घेणारा 'लाइफ स्टडी' नावाचा प्रचंड अभ्यास २०१५ च्या जानेवारीत सुरू झाला. सप्टेंबरपर्यंत जेमतेम २४९ गरोदर स्त्रिया त्यात दाखल झाल्या आणि त्याच वर्षी तो गुंडाळावा लागला. वैद्यकात याला 'लसान्याचा नियम' म्हणून गमतीचं नाव आहे (लसान्या हे एका डॉक्टरचं नाव) : अभ्यास सुरू झाला की तो रोग असलेले रुग्ण अचानक दिसेनासे होतात. आमच्याकडे हाच नियम मोहल्ला-बैठकीला लागतो. आदल्या दिवशी पन्नास बायका 'येतो ताई' म्हणतात, दुसऱ्या दिवशी पाणी आलेलं असतं.

हा प्रश्न विद्यापीठापुरता असता तर मी एवढं लिहिलं नसतं. आपल्या शहरांना 'प्रायोगिक तत्त्वावर' या दोन शब्दांचं व्यसन आहे. रस्ता एकेरी होतो प्रायोगिक तत्त्वावर. सिग्नल बंद होतो, बसथांबा हलतो, ओल्या कचऱ्याची गाडी दिवसाआड येऊ लागते, सगळं प्रायोगिक तत्त्वावर. प्रयोग म्हटल्यावर तीन गोष्टी लागतात : आधी काय होतं याची मोजणी, किती दिवस चालणार याची तारीख, आणि काय झालं तर मागे घेणार याची अट. आमच्या घराजवळच्या एका चौकात गेली कित्येक वर्षं एकेरी वाहतुकीचा प्रयोग चालू आहे. तो सुरू होण्याआधी तिथून किती गाड्या जात होत्या, वळसा घालणाऱ्या रिक्षाचं मीटर कितीने वाढलं, शाळेच्या मुलांना रस्ता ओलांडायला किती वेळ लागतो, यातलं काहीही कोणी मोजल्याचं मला आढळलं नाही. प्रयोग फसला असं सिद्ध होण्याची सोयच त्यात नाही. म्हणून तो यशस्वी आहे. ही ताफ्यापुढची गाडी. स्वारी कुठे जाणार ते ठरलेलं होतं.

हे अशक्य आहे म्हणून होत नाही, असं मात्र नाही. जनगणनेसारख्या अवाढव्य कामाआधीही पूर्वचाचणी होते. २०२७ च्या जनगणनेसाठी निवडक भागांत ती नोव्हेंबर २०२५ मध्ये घेतली गेली, मोबाइल अॅपसकट. देशाला थांबून बघायला फुरसत आहे, चौकाला नाही.

माझ्याशी वाद घालणारे सहकारी कमी नाहीत, आणि त्यांचे दोन मुद्दे मला अडवतात. पहिला वेळेचा. एमडीचा विद्यार्थी तीन वर्षं असतो, एम.ए.चा दोन. त्यात परवानगीला महिने जातात. पायलटलाही एथिक्स कमिटीची मान्यता आणि लोकांची संमती लागते. 'नुसता पायलट आहे, परवानगी कशाला' हा समज चुकीचा आहे, पण तो का पसरला ते कळतं. शिवाय अनुदान देणारे म्हणतात, आधीचा थोडा डेटा दाखवा मग पैसे देऊ, आणि त्या आधीच्या डेटासाठी पैसे देत नाहीत. मग पायलट होतो शिक्षकाच्या खिशातून आणि स्वतःच्याच वर्गातल्या मुलांवर, कारण ती फुकट असतात आणि पळून जात नाहीत. माथाडींसाठी केलेली प्रश्नावली एस.वाय.बी.ए.च्या मुलांनी 'समजली' म्हणून प्रमाणित केलेली मी पाहिली आहे. यावर माझं उत्तर इतकंच, की वेळ नसेल तर मुख्य अभ्यास लहान करा. दोन वर्षांत सहाशे घरं आणि शून्य पायलट यापेक्षा दोनशे घरं आणि तपासलेली प्रश्नावली केव्हाही बरी. परीक्षक आकडा पाहतात हे खरं. मीही परीक्षक असते, मीही पाहते. तिथे बदल आम्हालाच करावा लागेल, विद्यार्थ्यांना नाही.

दुसरा मुद्दा जास्त जड आहे. महाविद्यालयांच्या आसपासच्या वस्त्या पाहण्यांनी थकल्या आहेत. दिघ्यात, रबाळ्यात, कळव्याच्या डोंगरावर दर वर्षी मुलं टॅब घेऊन येतात, तेच प्रश्न विचारतात, जातात, आणि पुन्हा तोंड दाखवत नाहीत. त्यात तुम्ही पायलट घालणार, म्हणजे आणखी तीस घरांचा अर्धा-अर्धा तास. एका बाईंनी मला विचारलं होतं, "मॅडम, मागच्या वेळचं काय झालं?" मागच्या वेळी मी नव्हते, पण तसं म्हणता येईना. हा आक्षेप मला मान्य आहे, पण त्याचा रोख मुख्य अभ्यासाकडेही जातो. कच्ची प्रश्नावली हजार घरांत नेणं म्हणजे पाचशे तास लोकांचे वाया घालवणं. तीस घरांत नेलं तर पंधरा. त्या पंधरा तासांचे पैसे द्यावेत, चहावर भागवू नये, आणि काय बदललं ते परत जाऊन सांगावं. किसननगरच्या आजोबांना आम्ही सांगायला गेलो, तेव्हा कुटुंब गावाहून परतलं होतं. आजोबांपेक्षा आजीच जास्त हसल्या.

सरसकट प्रत्येक कामाला पायलट हवा, असं मी म्हणत नाही. दहा वर्षं त्याच भागात, त्याच भाषेत, त्याच लोकांवर वापरलेली मापनपट्टी पुन्हा तीस जणांवर चालवून काय मिळणार? कधी मुख्य अभ्यासाचाच पहिला टप्पा पायलट म्हणून धरता येतो. सारं काही नीट चाललं तर ती माणसं पुढे मोजणीत धरायची, नाही तर थांबायचं. 'पायलट केला नाही, कारण हे' असं प्रामाणिकपणे लिहिणाऱ्या विद्यार्थ्याला मी त्या एका ओळीवाल्यापेक्षा जास्त गुण देते.

पण केला, तर त्याचं जे काही झालं ते लिहायला हवं, बिघडलेलं तर नक्कीच. माथाडींवाल्या मुलाने प्रबंधात सात पानांचं प्रकरण लिहिलं : कोणते प्रश्न फसले, कोणती वेळ चुकली, मुकादमाशी आधी बोलायला हवं होतं हे कसं कळलं. तोंडी परीक्षेला आलेल्या बाहेरच्या परीक्षकांनी ते प्रकरण दोन बोटांत धरून विचारलं, "ही निगेटिव्ह गोष्ट कशाला घातली? प्रबंध बारीक दिसला असता म्हणून?" मुलगा गडबडला. त्याच्या जागी मी उत्तर देणं नियमात बसत नव्हतं. पुढच्या वर्षी पाठदुखीवरच काम करणारी एक मुलगी त्या सात पानांची झेरॉक्स घेऊन गेली. ती पहिल्याच दिवशी मुकादमाला भेटली आणि पहाटे चारला मार्केटात हजर झाली.

यंदा सिनॉप्सिसच्या फॉर्ममध्ये एक ओळ वाढवावी, असं मी विभागात लेखी सुचवलं आहे : 'काय दिसलं तर हा अभ्यास करणार नाही?' समोर दोन इंच रिकामी जागा. पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेत ते सातव्या क्रमांकावर आहे. सहाव्यापर्यंत सहसा चहा येतो.